जंगलाच्या कडेला एक रात्र: नागपूरच्या कुटुंबांसाठी पहिल्या तंबूमुक्कामाचे मार्गदर्शन

पहिल्यांदा तंबूत राहायला निघालेल्या कुटुंबांचा बेत बहुधा एकाच कारणाने फसतो, आणि ते कारण वाघ, साप किंवा थंडी यांपैकी कोणतेही नसते. अंधार पडण्यापूर्वी हाताशी पुरेसा वेळ उरलेला नसतो, एवढेच ते कारण असते. नागपूरला डिसेंबरच्या सुरुवातीला सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो आणि दाट सागवनात उजेड त्याच्याही आधी मंदावतो. घरून निघायला दोन वाजले, वाटेत मनसरला चहा झाला, रामटेकला मुलांसाठी बिस्किटे घेतली, की तंबू मोबाइलच्या उजेडात उभारावा लागतो, स्वयंपाक आठला सुरू होतो आणि लहान मुले उपाशीच झोपी जातात. म्हणून दुपारी तीन वाजता मुक्कामाच्या जागी पोहोचलेले असणे हा या लेखातील मुख्य नियम आहे. पुढच्या बहुतेक सूचना तो पाळता यावा यासाठीच आहेत.

दिवस, तिथी आणि माणसे

पहिल्या खेपेला एकच रात्र ठेवावी. शनिवारी सकाळी निघून रविवारी दुपारच्या जेवणाला घरी परतता येईल इतके जवळचे ठिकाण निवडावे. दोन रात्रींच्या सामानाला दुप्पट नव्हे, जवळजवळ तिप्पट जागा लागते, आणि मुलांना जागा आवडली नाही तर दुसरी रात्र सर्वांनाच जड जाते.

आपल्याकडे यासाठीचा हंगाम नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतचा आहे. ऑक्टोबरात हवा छान वाटते, पण गवत कमरेइतके वाढलेले असते. त्या गवतातल्या बारीक किड्यांच्या अळ्या चावल्याने होणाऱ्या स्क्रब टायफस या तापाने २०१८ साली नागपूर परिसरात चांगलीच धास्ती निर्माण केली होती. फेब्रुवारीनंतर पानगळ होऊन जंगल वाळलेले असते, आणि वनविभागाच्या लेखी १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा काळ असतो. मे महिन्याविषयी नागपूरकराला वेगळे सांगण्याची गरज नाही. २३ मे २०१३ रोजी पारा ४७.९ अंशांवर गेला होता, एवढी आठवण पुरे. मात्र थंडीलाही कमी लेखू नये. २९ डिसेंबर २०१८ रोजी याच शहरात किमान तापमान ३.५ अंशांपर्यंत उतरले होते, आणि शहराबाहेर, तलावाच्या किंवा ओढ्याच्या काठी, दोन-तीन अंश त्याहून कमी धरूनच पांघरुणे न्यावीत.

तिथी पाहून दिवस ठरवावा, असे म्हटले की लोक हसतात, परंतु त्याला व्यावहारिक कारण आहे. अमावास्येचा अंधार नवख्या मुलांना घाबरवतो आणि पौर्णिमेच्या उजेडात तारे दिसत नाहीत. शुद्ध अष्टमीच्या आसपास चंद्र मध्यरात्रीपर्यंत असतो. जेवणे, भांडी आणि मुलांना झोपवणे ही कामे चांदण्यात उरकतात, आणि त्यानंतर ज्यांना आकाश पाहायचे असेल त्यांना स्वच्छ अंधार मिळतो.

माणसांच्या बाबतीत तीन कुटुंबे ही मर्यादा मानावी. सहा मोठी माणसे आणि चार-पाच मुले एका चुलीवर जेवतात, दोन गाड्यांत मावतात आणि एकमेकांच्या नजरेत राहतात. त्यापुढे सहल राहत नाही, वऱ्हाड होते. निघण्यापूर्वी सर्व मोठ्यांनी एकदा एकत्र बसून खर्चाची वाटणी, कामांच्या पाळ्या आणि मद्यपान हे तीन विषय स्पष्टपणे बोलून घ्यावेत. तिसरा विषय काढायला संकोच वाटतो, पण ज्या रात्री मुले सोबत आहेत आणि अचानक गाडी काढण्याची वेळ येऊ शकते, त्या रात्री किमान दोन चालक पूर्ण शुद्धीत असलेच पाहिजेत. माझ्या मते पहिल्या मुक्कामाला तो पदार्थ सामानातच नसावा.

जागा आणि परवानगी

गाडी थांबवावी, बरी जागा दिसली की तंबू ठोकावा, अशी मोकळीक आपल्या जंगलांत नाही आणि ती नाही हे चांगलेच आहे. राष्ट्रीय उद्यान आणि अभयारण्य यांत परवानगीशिवाय प्रवेश करणे हा १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमानुसार गुन्हा आहे. राखीव वनात विस्तव पेटवण्यास १९२७ च्या भारतीय वन अधिनियमानुसार मनाई आहे. नागपूरच्या भोवती पेंच, बोर आणि उमरेड-पवनी-कऱ्हांडला अशी वाघांची जंगले आहेत आणि त्यांच्यामधल्या शेताशिवारांतूनही वाघ ये-जा करतो. त्यामुळे जंगल कोठे संपले आणि गाव कोठे सुरू झाले, हे नकाशावर दिसते तितके सरळ नसते.

नवख्यांसाठी तीन मार्ग उपलब्ध आहेत. पहिला मार्ग म्हणजे वनविभागाने किंवा गावच्या समितीने चालवलेले पर्यटन संकुल. पेंचच्या सिल्लारीसारख्या प्रवेशद्वारांजवळ राहण्याची सोय आहे, तेथे कुंपण, शौचालय आणि पहारेकरी असतो. आपला तंबू लावता येईल की तेथीलच तंबू घ्यावा लागेल, हे आधी फोन करून विचारावे. दुसरा मार्ग खासगी छावण्यांचा. रामटेकजवळच्या खिंडसी तलावासारख्या पाणवठ्यांच्या परिसरात किंवा पेंचच्या बफर क्षेत्रातील, म्हणजे गाभ्याच्या जंगलाभोवतालच्या पट्ट्यातील, गावांलगत अशी जागा शोधता येते. आरक्षण करताना भोजनाचे दर सर्वच विचारतात, आपण मात्र कुंपण किती उंच आहे, रात्री पहारा कोणाचा असतो, शौचालय तंबूपासून किती पावलांवर आहे आणि गाडी तंबूजवळ नेता येते का, हे चार प्रश्न आधी विचारावेत. उत्तर देताना समोरचा माणूस घुटमळला, तर दुसरी जागा पाहावी.

तिसरा मार्ग मला स्वतःला सर्वांत आवडतो, तो म्हणजे ओळखीच्या शेतकऱ्याचे शेत. काटोल, हिंगणा, रामटेक, उमरेड या बाजूंना कोणाचा ना कोणाचा मामा, साडू किंवा कार्यालयातला सहकारी शेती करीत असतोच. संत्र्याच्या बागेत आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्याच्या सुरुवातीला तयार होणारी, फळे उतरवण्याच्या दिवसांत तंबू टाकला, तर मुलांना दुसऱ्या करमणुकीची गरजच पडत नाही. परंतु शेतात मुक्काम करणाऱ्याने एक गोष्ट कधीही गृहीत धरू नये. रानडुकरांपासून पीक वाचवण्यासाठी बांधावर तारा लावलेल्या असतात. झटका मशीनची तार सौम्य धक्का देते, पण काही ठिकाणी लोक बेकायदेशीरपणे थेट विजेचा प्रवाह सोडतात आणि त्याने माणसे दगावतात. म्हणून आपल्या यजमानालाच नव्हे, शेजारच्या शेताच्या मालकालाही प्रत्यक्ष भेटून, कोणत्या बांधावर तार आहे हे उजेडी पाहून घ्यावे आणि त्या बाजूला मुलांना जाऊ देऊ नये.

शेत वनाला लागून असेल, तर गावच्या वनरक्षकाला आपण येणार असल्याचे सांगावे. तो बहुधा अडवत नाही, उलट अलीकडे कोणत्या नाल्यात वाघाचे पगमार्क दिसले, अस्वल कोठून उतरते, ही माहिती त्याच्याकडूनच मिळते. त्याने नको म्हटले तर वाद घालू नये. महाराष्ट्र वनविभागाचा १९२६ हा मदत क्रमांक सर्वांच्या मोबाइलमध्ये असावा.

घरच्या घरी तालीम

निघण्याच्या किमान आठवडाभर आधी तंबू एकदा पूर्णपणे उभारून पाहावा. गच्चीवर खुंट्या ठोकता येत नाहीत, म्हणून वस्तीतले मैदान किंवा बगीचा बरा. आमच्या पहिल्या सहलीत ही तालीम मी अनावश्यक ठरवली होती. मुक्कामी पोहोचल्यावर पिशवी उघडली, तेव्हा तंबूचे कापड होते, खुंट्या होत्या, पण कमान करायच्या दांड्या नागपुरात चपलांच्या कपाटामागे राहिल्या होत्या. शेवटी आंब्याच्या दोन झाडांना दोरी बांधून, त्यावर यजमानाची ताडपत्री टाकून, आम्ही पाच जण सतरंजीवर झोपलो. पहाटे चारला माझ्या मुलीने विचारले, "बाबा, तंबूत असंच असतं का?"

तालमीत दोन गोष्टी लक्षात येतात. पहिली म्हणजे 'चार माणसांचा तंबू' याचा अर्थ चार माणसे अंगाला अंग लावून मावतात इतकाच असतो, आणि दोन मोठी माणसे, एक मूल व त्यांच्या पिशव्या एवढ्यांनाच तो सुखाने पुरतो. दुसरी म्हणजे आतल्या जाळीदार भागावर जे दुसरे आवरण येते, ते कोणत्या बाजूने चढवायचे हे पहिल्या प्रयत्नात कोणालाही कळत नाही. त्या कोपऱ्याला रंगीत धागा बांधून ठेवावा. नवा तंबू विकत घेण्यापूर्वी एखाद्याचा मागून आणणे शहाणपणाचे, कारण पहिल्या मुक्कामानंतर निम्मी कुटुंबे पुन्हा तंबूत जात नाहीत, असा माझा अनुभव आहे.

अंथरूण, पाणी आणि शिधा

थंडी वरून लागते असे वाटते, प्रत्यक्षात ती जमिनीतून येते. त्यामुळे पांघरुणांपेक्षा अंथरुणाचा विचार आधी करावा. सर्वांत खाली प्लास्टिकची चटई, तिच्यावर फोमची पट्टी किंवा घडी घातलेली सतरंजी, तिच्यावर गोधडी, आणि मग माणूस. हवा भरायची गादी मऊ असते, पण तिच्यातली हवा रात्रभर गार होत जाते, म्हणून तिच्यावरही गोधडी लागतेच. घरातल्या दुलया गाडीत जागा खातात हे खरे. तरीही पहिल्या वेळी महागड्या झोपण्याच्या पिशव्या घेण्यापेक्षा त्याच न्याव्यात. प्रत्येकासाठी कानटोपी, कोरडे मोजे आणि केवळ झोपण्यासाठी राखलेला कपड्यांचा एक जोड असावा. दिवसभर घामेजलेले कपडे घालून झोपले की पहाटे हुडहुडी भरते.

पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी माणशी चार ते पाच लिटर पाणी धरावे, म्हणजे दहा जणांसाठी वीस लिटरच्या दोन कॅन भरतात आणि तिसरी राखीव राहते. भांडी आणि हातपाय यांसाठी तेथील हातपंप किंवा विहीर चालते, पण नाल्याचे पाणी कितीही निर्मळ दिसले तरी न उकळता मुलांना देऊ नये. नागपूरच्या नळांना येणारे बरेचसे पाणीही पेंच नदीचे आहे, नवेगाव खैरीच्या धरणातून येते, हे मुलांना काठावर उभे करून सांगितले तर ती नळ बंद करायला लागतात.

शिधा साधा असावा. रात्रीच्या जेवणाला मुगाच्या डाळीची खिचडी, भाजलेले पापड, लोणचे आणि घरून केलेली फल्लीची चटणी एवढे पुरते. दहा जणांसाठी एक किलो तांदूळ आणि पाव किलोहून थोडी अधिक डाळ घ्यावी, कारण उघड्यावर भूक वाढते. कांदा, लसूण, सांभार (कोथिंबीर) घरूनच निवडून, चिरून, डब्यांत भरून न्यावा, म्हणजे अंधारात विळी-चाकू हाताळावा लागत नाही. सकाळसाठी पोहे. तर्रीचा हट्ट असेल तर ती घरी करून बाटलीत न्यावी.

सावजी मटणाचा बेत पहिल्या खेपेला टाळावा, हे मी नागपुरात राहून लिहितो आहे, याची मला जाणीव आहे. मांसाचा वास दूरवर जातो, गावची कुत्री गोळा होतात, कुत्र्यांच्या मागे बिबट्या येऊ शकतो, आणि तेलकट भांडी थंड पाण्याने निघत नाहीत. रोडग्यांचा बेत मात्र शेतावर अवश्य करावा, पण तो दिवसाउजेडी, दुपारच्या जेवणासाठी. जाडसर दळलेल्या कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात टाकण्यापूर्वी धूर पूर्ण थांबलेला असावा लागतो. घाई केली की रोडगा बाहेरून काळा आणि आतून कच्चा राहतो. राख झटकून तो हाताने फोडला, आतून वाफ आली आणि त्यावर तुपाची धार पडली, की वांग्याच्या भाजीची वाट पाहायला कोणी थांबत नाही.

उरलेल्या वस्तूंची यादी लहान आहे: प्रत्येकाला स्वतंत्र टॉर्च, शक्यतो डोक्याला बांधायचा, कारण त्याने हात मोकळे राहतात, जादा सेल, पॉवर बँक, सुतळीचे बंडल, ताडपत्री, लहान कुदळ, कचऱ्यासाठी जाड पिशव्या, शिट्ट्या, आणि औषधांच्या डब्यात तापाचे औषध, ओआरएस, पट्ट्या, जंतुनाशक, डास पळवणारे मलम व प्रत्येकाची रोजची औषधे. ताडपत्री आणि सुतळी इतवारीत स्वस्त मिळते, तेवढ्यासाठी मॉलमध्ये जाऊ नये.

निघण्याचा दिवस

सामान शुक्रवारी रात्रीच गाडीत भरावे आणि सकाळी दहापर्यंत नागपूर सोडावे. तंबू सर्वांत शेवटी भरावा, म्हणजे तो सर्वांत आधी बाहेर निघतो. जबलपूरच्या दिशेने जाणाऱ्यांना देवलापारच्या पुढे राष्ट्रीय महामार्ग ४४ जंगलातून जाताना काही ठिकाणी उंच उचललेला दिसेल. पेंचच्या या पट्ट्यात वन्यप्राण्यांना खालून ये-जा करता यावी म्हणून नऊ जागी अशी बांधकामे केली आहेत, त्यांतील सर्वांत लांब ७५० मीटरचे आहे, आणि तेथे बसवलेल्या कॅमेऱ्यांत वाघही टिपले गेले आहेत. मुलांना ते गाडीतूनच दाखवावे. तेथे थांबून उतरू नये.

मोबाइलला जंगलात अनेकदा रेंज नसते. म्हणून नकाशा आधीच उतरवून घ्यावा आणि नागपुरात मागे राहिलेल्या एका नातेवाइकाला ठिकाण, यजमानाचा क्रमांक आणि परतण्याची वेळ लिहून द्यावी. गाडीत बसताना, वाटेत उतरल्यावर, पुन्हा बसताना आणि पोहोचल्यावर मुलांची डोकी मोजण्याचे काम एकाच व्यक्तीकडे असावे. सर्वांकडे असलेले काम कोणीच करीत नाही.

तंबू उभारणे

उतरल्यावर चहा करण्यापूर्वी जागा निवडावी. आधी वर पाहावे: वाळलेली फांदी लोंबकळत नाही ना, आणि मुख्य म्हणजे आग्या मोहोळ नाही ना. उंच अर्जुनावर किंवा सावरीवर ही पोळी लटकलेली असतात, आणि खालून धूर गेला की माश्या झुंडीने उतरतात. वाघाच्या जंगलात सर्वाधिक सावध राहावे ते या माश्यांपासून, असे मला वाटते. मग खाली पाहावे: उंदरांची बिळे, वारुळे, दगडांचे ढीग आणि जुने लाकूड यांच्यापासून दूर, किंचित उंचवट्याची, गवत कमी असलेली जागा हवी. खोलगट जागेत थंड हवा साठते आणि दवही अधिक पडते. नाल्याच्या कोरड्या पात्रातली वाळू मोहात पाडते, पण तो जनावरांचा नेहमीचा रस्ता असतो.

काळ्या मातीत खुंटी सहज शिरते आणि तितक्याच सहज निघते. मुरमाड जमिनीत ती वाकते. दोन्ही ठिकाणी खुंटी उभी न ठोकता तिरपी ठोकावी, तिचे डोके तंबूपासून बाहेरच्या बाजूला झुकलेले असावे. काळ्या मातीत जमल्यास प्रत्येक खुंटीवर एक दगड ठेवावा. मुरमात खुंटी शिरत नसेल, तर बाटलीभर पाणी ओतून दहा मिनिटे थांबावे. तंबूखाली अंथरलेले प्लास्टिक तंबूच्या कडेबाहेर आले असेल तर आत दुमडावे, नाहीतर त्यावर दव साचून तेच पाणी अंथरुणाखाली येते. सर्व तंबूंची दारे एकमेकांकडे, म्हणजे अंगण मध्ये येईल अशी ठेवावीत. दोऱ्यांना पांढऱ्या कापडाच्या चिंध्या बांधाव्यात, कारण रात्री मुले दोरीत अडकून पडतात, आणि मोठी माणसे त्यांच्याहून अधिक.

रात्री थंडी वाजते म्हणून वरची हवेची फट बंद करू नये. श्वासाची वाफ कापडाला लागून ठिबकू लागते आणि पहाटे सर्वांना तंबू गळतो असे वाटते. याहून महत्त्वाची सूचना अशी, की शेगडी, निखाऱ्यांचे घमेले, गॅसची बत्ती यांपैकी काहीही, कितीही थंडी असली तरी, तंबूच्या आत नेऊ नये. बंद जागेत त्यातून कार्बन मोनॉक्साइड हा वायू साचतो. त्याला वास नसतो आणि झोपलेल्याला जागही येत नाही.

तंबू उभे राहताच अंथरुणे घालून, चेन बंद करून टाकावी आणि ती रात्रभर बंदच ठेवावी. या एका सवयीने साप, विंचू आणि डास या तिन्हींचा बहुतांश बंदोबस्त होतो.

चूल आणि शेकोटी

स्वयंपाक लहान सिलिंडरच्या शेगडीवर, तंबूंपासून दहा-बारा पावले दूर, वारा पाहून करावा. शेकोटीची परवानगी असेल आणि आधीपासून केलेला खड्डा असेल तरच ती पेटवावी. लाकूड गावातून विकत घ्यावे, जंगलातून गोळा करू नये. भोवतीचा पालापाचोळा, विशेषतः सागाची वाळलेली पाने, दोन-तीन मीटरपर्यंत झाडून काढावी, कारण ती पाने पेटती असतानाच वाऱ्याने उडतात. पाण्याची भरलेली बादली शेजारी असल्याशिवाय काडी ओढू नये.

विझवताना पाणी ओतावे, काठीने ढवळावे, पुन्हा पाणी ओतावे. हाताची पालथी बाजू राखेवर धरल्यावर ऊब लागत नसेल, तर शेकोटी विझली. वरून माती टाकून झोपायला जाणारे लोक निखारे झाकतात, विझवत नाहीत.

मुले आणि अंधार

पोहोचल्यावर मुलांना घेऊन सीमेची फेरी मारावी आणि हे झाड, तो बांध, ही विहीर, यापलीकडे मोठ्यांशिवाय जायचे नाही, हे चालत चालत दाखवावे. तोंडी सांगितलेली सीमा मुलांच्या लक्षात राहत नाही, पायांनी फिरलेली राहते. प्रत्येकाच्या गळ्यात शिट्टी असावी आणि हरवल्यास जवळच्या मोठ्या झाडाला धरून तेथेच उभे राहून तीन वेळा शिट्टी वाजवायची, एवढा एकच धडा पाठ करून घ्यावा. गंमत म्हणून वाजवलेल्या शिट्टीला मात्र शिक्षा असावी. आमच्याकडे ती भांडी विसळण्याची आहे.

सूर्य मावळल्यानंतर कोणतेही मूल, आणि खरे तर कोणतेही मोठे माणूसही, एकट्याने शौचाला जाणार नाही. दोघांनी, टॉर्च जमिनीवर मारीत, बोलत जावे. शौचालय नसेल, तर पाण्यापासून साठ मीटर दूर, वीतभर खोल खड्डा करून नंतर तो बुजवावा, पण ही जागा उजेड असतानाच ठरलेली असावी.

गाण्यांचा पेटारा घरी ठेवावा. साडेआठच्या सुमारास दिवे मालवून सर्वांनी पाच मिनिटे गप्प बसावे. प्रथम काहीच ऐकू येत नाही, मग रातवा पक्ष्याचे ठोके दिल्यासारखे ओरडणे येते, आणि दैव असेल तर चितळाचा धोक्याचा आवाज. महाराष्ट्रातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातील पहिले 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली, ती तेथील अंधारामुळे. डिसेंबरात पूर्वेला कृत्तिकांचा झुबका, तांबूस रोहिणी आणि त्यांच्या मागोमाग मृग वर येतो. मृगाच्या मधल्या तीन ताऱ्यांची रेघ खाली वाढवली की व्याध सापडतो. १३ आणि १४ डिसेंबरच्या रात्री मिथुन राशीकडून उल्का पडतात, त्या दिवसांत जाणार असाल तर मुलांना दुपारी झोपवून घ्यावे.

साप, किडे आणि दवाखाना

नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार विषारी साप आपल्या भागात आहेत. त्यांतला मण्यार रात्री फिरतो आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो. दंशाच्या जागी फारसे दुखत नाही, सूजही नसते, आणि म्हणूनच तो अधिक घातक ठरतो. रात्री झोपेतून उठून कोणी पोटात दुखते, पापण्या जड झाल्या, बोलता येत नाही असे सांगू लागला, तर खूण दिसली नाही तरी सर्पदंशच समजून निघावे. दंश झाल्यावर अंगठ्या, बांगड्या काढाव्यात, तो अवयव काठीला सैल बांधून स्थिर ठेवावा आणि माणसाला चालू देऊ नये. आवळून दोरी बांधणे, चिरा देणे, तोंडाने चोखणे आणि मांत्रिकाकडे नेणे, यांतले काहीही करू नये. सापाला शोधत बसण्याचीही आवश्यकता नाही, कारण रुग्णालयात दिले जाणारे प्रतिविष या चारही सापांवर चालते. १०८ क्रमांकाला फोन करावा, मात्र रेंज नसेल तर वाट न पाहता स्वतःच्या गाडीने निघावे. यासाठीच रात्री गाड्यांची तोंडे रस्त्याकडे करून ठेवायची असतात आणि किल्ल्यांची जागा सर्वांना माहीत असावी लागते. रामटेक बाजूला असाल तर तेथे उपजिल्हा रुग्णालय आहे. अन्यत्र जाणार असाल, तर सर्वांत जवळच्या सरकारी रुग्णालयात प्रतिविष आहे का, हे निघण्यापूर्वीच विचारून घ्यावे.

बूट रात्री तंबूच्या आत, पिशवीत बांधून ठेवावेत आणि सकाळी झटकल्याशिवाय पाय घालू नये. घरी परतल्यावर मुलांच्या काखा, कानांमागचा भाग आणि कमरेचा पट्टा गोचिडांसाठी तपासावा. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत कोणाला ताप आला, विशेषतः अंगावर भाजल्यासारखी काळी खपली असेल, तर डॉक्टरांना जंगलात राहून आल्याचे आपणहून सांगावे. स्क्रब टायफस वेळेवर ओळखला तर साध्या औषधाने बरा होतो.

उरलेले अन्न रात्री तंबूत ठेवू नये, डबे गाडीत बंद करावेत. सकाळी वानरे येतात, आणि त्यांना हाताने काही देण्याची चूक एकाने केली तरी पुढे येणाऱ्या प्रत्येकाला ती भोवते.

सकाळ आणि आवराआवर

सकाळी घाई करू नये. साडेसहा-पावणेसातला सूर्य उगवतो, तंबू दवाने भिजलेले असतात आणि नऊपर्यंत वाळत नाहीत. चहा, पोहे आणि वनरक्षक किंवा यजमान सोबत असेल तर अर्ध्या तासाची पायपीट, एवढा वेळ त्यांना ऊन खाऊ द्यावे. मातीत रात्री उमटलेले ठसे सकाळीच स्पष्ट दिसतात. उलटलेल्या हृदयाच्या आकाराचे दोन खूर म्हणजे चितळ, हे आठ वर्षांचे मूलही शिकते.

निघताना मुलांची रांग करून, हाताच्या अंतरावर उभे राहून, मैदान एकदा टोकापासून टोकापर्यंत चालावे आणि संत्र्याच्या सालींसह प्रत्येक कपटा पिशवीत भरावा. साली कुजतात हे खरे, पण त्या खायला वानरे आणि डुकरे छावणीत येऊ लागतात. पिशव्या गावाच्या उकिरड्यावर न टाकता नागपूरला आणाव्यात.

घरी पोहोचल्यावर आंघोळीच्या आधी तंबू पिशवीतून काढून गच्चीवर पसरावा. वरून कोरडा लागला तरी तळाच्या शिवणी ओल्या असतात, आणि तसाच गुंडाळून ठेवलेला तंबू पुढच्या हिवाळ्यात उघडला की त्याला बुरशीचा जो वास येतो तो कोणत्याही साबणाने जात नाही. दोन्ही बाजूंनी ऊन लागल्यावर त्याची घडी करावी, आणि दांड्या मोजून त्याच पिशवीत भराव्यात.